वीज उतरवणारे रॉकेट

वादळी ढगाखाली रॉकेट सोडले आणि त्याच्या मागे तांब्याची बारीक तार बांधली, तर वीज त्या तारेवरून खाली येईल का? विज्ञानाची आवड असलेली मुले हा प्रश्न हमखास विचारतात आणि बहुतेक वेळा त्यांना उत्तराऐवजी दटावणी मिळते. उत्तर सरळ आहे: येते. अमेरिका, फ्रान्स, जपान, चीन, ब्राझील इथल्या संशोधकांनी गेल्या जवळजवळ साठ वर्षांत शेकडो वेळा वीज अशी खाली आणली आहे. दटावणीही चूक नाही. पण तिच्यामागचे कारण कुणी समजावून सांगत नाही, आणि या विषयात शिकण्यासारखे जे काही आहे त्यातले निम्मे त्या कारणातच आहे.

सुरुवात हौशी माणसांनीच केली. बेंजामिन फ्रँकलिन हा व्यवसायाने मुद्रक. ढगातली वीज आणि काचेच्या नळीवर रेशीम घासून निघणारी ठिणगी एकाच जातीची असावी, असे त्याला वाटत होते. उंच जागी टोकदार लोखंडी सळई उभारून हे तपासावे, असे त्याने १७५० मध्ये लिहून सुचवले. प्रयोग प्रत्यक्षात आधी फ्रान्समध्ये झाला. तोमा-फ्रान्स्वा दालिबारने पॅरिसजवळच्या मार्ली-ला-व्हिल या गावात सुमारे बारा मीटर उंचीची सळई उभी केली. १० मे १७५२ रोजी दुपारी ढग गडगडू लागले, तेव्हा दालिबार स्वतः तिथे नव्हता. राखणीला ठेवलेल्या क्वाफिए नावाच्या एका माजी शिपायाने काचेच्या बाटलीत अडकवलेली तार सळईजवळ नेली आणि ठिणगी निघाली. त्याने गावच्या पाद्र्याला बोलावणे धाडले. पाद्री गारांच्या माऱ्यातून धावत आला, त्याच्यामागून गावकरी आले, आणि त्याने पुन्हा पुन्हा ठिणग्या काढून पाहिल्या. जगातली वीजविज्ञानाची ही पहिली मोठी नोंद एका शिपायाच्या आणि एका पाद्र्याच्या हातून झाली.

फ्रँकलिनचा सर्वांना ठाऊक असलेला पतंग त्याच वर्षीचा. पण मार्लीतल्या सळईवर किंवा त्या पतंगावर वीज पडली नव्हती. तशी पडली असती तर सांगायला कुणी उरले नसते. निरभ्र दिवशी जमिनीलगतच्या हवेत दर मीटरला साधारण १०० व्होल्ट इतके विद्युत क्षेत्र असते. वादळी ढग माथ्यावर आला की ते काही हजार व्होल्टपर्यंत चढते. उंच टोकदार वस्तू या क्षेत्रातून प्रभार ओढते आणि ठिणगी त्या प्रभाराची असते. फ्रँकलिनने एवढेच सिद्ध केले, आणि ते पुरेसे होते.

पुढच्याच वर्षी हा फरक किती जीवघेणा आहे ते कळले. सेंट पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीतला प्राध्यापक गेओर्ग रिखमान घरातच प्रयोग करत असे. छपरावरच्या सळईपासून खोलीपर्यंत तार आणून तिच्या टोकाशी त्याने प्रभार मोजणारे साधे उपकरण जोडले होते. ऑगस्ट १७५३ मध्ये वादळ येताना दिसले, तसा तो अकादमीची बैठक सोडून घरी धावला. आकृती काढण्यासाठी सोकोलोव्ह नावाचा कोरीवकाम करणारा त्याच्याबरोबर होता. रिखमान उपकरणावर वाकला असताना विजेचा लोळ त्याच्या कपाळावर आदळला आणि तो जागीच गेला. सोकोलोव्ह वाचला. मोजमाप करायचे म्हणून रिखमानने सळई जमिनीला जोडलीच नव्हती. जमिनीला जोडली असती तर प्रभार साठला नसता आणि मोजायला काही उरले नसते. न जोडल्यामुळे प्रवाहाला जमिनीकडे जाण्याची वाट त्याच्या शरीरातून मिळाली. त्याच वादळात स्वतःच्या घरी तसाच प्रयोग करत असलेला त्याचा सहकारी लोमोनोसोव्ह वाचला, आणि या मृत्यूचा वापर विज्ञानाविरुद्ध होऊ नये म्हणून त्याने लगेच पत्र लिहिले. रिखमानला निष्काळजी म्हणणे मला अन्यायाचे वाटते. त्याच्या काळी कुणालाही नसलेले ज्ञान त्याच्याकडेही नव्हते. आज ते ज्ञान शाळेच्या पुस्तकात आहे, आणि म्हणून आजच्या माणसाला तीच चूक करायची सवलत नाही.

पुढची जवळजवळ दोनशे वर्षे प्रयत्न तुरळक झाले. १९२० च्या दशकाअखेरीस ब्राश, लांगे आणि उर्बान या तीन तरुण जर्मन शास्त्रज्ञांनी आल्प्समधल्या मॉन्टे जेनेरोसो डोंगरावर दरीवरून तारा ताणून काही मीटर लांबीच्या ठिणग्या मिळवल्या. अणू फोडायला लागणारा प्रचंड विद्युत दाब वादळातून मिळवायचा त्यांचा बेत होता. उर्बान १९२८ मध्ये तिथेच कड्यावरून पडून मेला.

रॉकेटची कल्पना पाण्यातून आली. अमेरिकेत चेसापीक उपसागरात नौदलाच्या चाचणीत पाण्याखाली स्फोट केला असताना उसळलेल्या सुमारे ७० मीटर उंच फवाऱ्यावर वीज पडली. आसपास जहाजांच्या डोलकाठ्या उभ्या असताना वीज फवाऱ्यावरच का उतरली, या प्रश्नाने शास्त्रज्ञांना पकडले. उत्तर वेगात होते. टोकदार उंच वस्तू स्थिर उभी असली की तिच्या टोकापाशी हवा सतत फुटत राहते आणि प्रभार हळूहळू झिरपतो. याला कोरोना म्हणतात. झिरपलेला प्रभार टोकाभोवती साचतो आणि तोच टोकाजवळचे क्षेत्र दुबळे करतो. गवताची पाती, झाडांचे शेंडे हेही वादळात असाच प्रभार सोडतात, म्हणून जमिनीलगतचे क्षेत्र काही हजार व्होल्टच्या फार वर जात नाही, जरी वर शंभर मीटरवर ते कितीतरी जास्त असले तरी. उंच टोक इतक्या झपाट्याने वर गेले की साचलेला प्रभार मागे राहिला, तर त्याचे कवच तयारच होत नाही. ब्रुक, व्हॉनेगट, मूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये प्रयोगशाळेत हे दाखवले: क्षेत्रात आधीपासून ठेवलेल्या तारेवर ठिणगी पडत नाही, तीच तार झटकन आत घातली की पडते.

पतंगाने जे साधत नाही ते रॉकेटने का साधते, याचे उत्तर एवढ्यातच आहे. पतंग हळू चढतो, रॉकेट सेकंदाला दीडशे-दोनशे मीटर जाते. मॉरिस न्यूमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी फ्लोरिडाच्या किनाऱ्याबाहेर एका जहाजावरून तार बांधलेली रॉकेटे सोडली आणि वीज खाली आणली. त्यांचे निष्कर्ष १९६७ मध्ये प्रसिद्ध झाले. जमिनीवर पहिल्यांदा हे जमले ते १९७३ मध्ये, फ्रान्समधल्या सँ-प्रिव्हा-दालिए या गावाजवळ. मग जपानमध्ये हिवाळी वादळांत, न्यू मेक्सिकोतल्या डोंगरावरच्या लँगम्युर प्रयोगशाळेत, केनेडी अवकाश केंद्राजवळ, आणि १९९० च्या दशकापासून उत्तर फ्लोरिडातल्या कॅम्प ब्लँडिंग या लष्करी तळावर. मार्टिन उमान आणि व्लादिमीर राकोव्ह यांच्या नावाने ओळखले जाणारे बरेचसे काम तिथले आहे.

रॉकेट साधारण मीटरभर लांब. तार तांब्याची, जाडी ०.२ मिलिमीटर, तुटू नये म्हणून केव्हलारच्या धाग्यांनी वेढलेली. ढग माथ्यावर आला की लगेच रॉकेट सोडत नाहीत. जमिनीवरचे क्षेत्रमापक सतत आकडे देतात, आणि क्षेत्र दर मीटरला चार-पाच हजार व्होल्टच्या वर टिकून आहे असे दिसले की बटण दाबले जाते. रॉकेट दोन-तीनशे मीटरवर पोचले की तारेच्या टोकापासून एक प्रकाशरेषा ढगाच्या दिशेने वर निघते. म्हणजे सुरुवात खालून होते. ती ढगातल्या ऋणप्रभाराशी भिडली की तारेतून काहीशे अँपिअरचा प्रवाह सुरू होतो, तार वितळून वाफ होऊन जाते, आणि तिच्या जागी तापलेल्या हवेची वाहक वाट उरते. क्षणभर सारे विझते. मग त्याच वाटेने वरून खाली एक लोळ येतो आणि दहा-पंधरा हजार अँपिअरचा खरा तडाखा बसतो. कधी एक, कधी लागोपाठ कितीतरी. तारेच्या वाफेचा हिरवट उजेड सरळ रेषेत दिसतो आणि त्याच्यावर नैसर्गिक विजेची वेडीवाकडी फांदी. छायाचित्रात एकाच विजेचे हे दोन स्वभाव इतके स्वच्छ दिसतात की एकदा पाहिलेले चित्र विसरत नाही.

सगळे प्रयत्न यशस्वी होत नाहीत. अनुकूल ढगाखाली सोडलेली बरीच रॉकेटे तार घेऊन नुसतीच जमिनीवर परत येतात.

यातून काय हाती लागले? वीजवाहिन्या आणि रोहित्रे तडाख्याला कशी तोंड देतात ते ठरवलेल्या जागी, ठरवलेल्या क्षणी मोजता आले. वाळूत वीज शिरली की वाळू वितळून काचेच्या पोकळ नळ्या बनतात. कॅम्प ब्लँडिंगच्या वाळूतून अशी सुमारे पाच मीटर लांब नळी उकरून काढली गेली. मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती क्ष-किरणांची गोष्ट. वादळातल्या तीव्र क्षेत्रात इलेक्ट्रॉन प्रचंड वेग घेऊ शकतील, असे सी. टी. आर. विल्सनने १९२५ च्या सुमारास म्हटले होते. विजेतून क्ष-किरण निघतात की नाही यावर पुढे कित्येक दशके वाद चालला, कारण वीज कुठे पडेल ते माहीत नसताना तिच्याजवळ शोधक ठेवणार कसा? रॉकेटने ती जागा ठरवून दिली. जोसेफ ड्वायर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवले की रॉकेटने उतरवलेल्या विजेत तडाख्याच्या अगदी आधी क्ष-किरणांचे झोत निघतात.

तरीही रॉकेटची वीज म्हणजे पूर्ण नैसर्गिक वीज नव्हे. नैसर्गिक विजेचा पहिला तडाखा ढगातून पायरीपायरीने खाली येणाऱ्या शाखेमुळे बसतो आणि तो सहसा सर्वांत जोरकस असतो, मध्यम प्रमाण तीस हजार अँपिअरच्या आसपास. रॉकेटने उतरवलेल्या विजेत हा पहिला तडाखाच नसतो. तिची तुलना नैसर्गिक विजेच्या दुसऱ्या-तिसऱ्या तडाख्यांशी करता येते, त्यापलीकडे नाही. घर किंवा मंदिराच्या कळसावर वीज पडण्याबद्दल या प्रयोगांतून निष्कर्ष काढताना हे विसरून चालत नाही.

वीज बोलावण्याचा हेतू नसतानाही रॉकेट ती बोलावते, हे अवकाशयुगाने महागात शिकवले. १४ नोव्हेंबर १९६९ रोजी अपोलो १२ पावसाळी ढगातून वर निघाले. पहिल्या मिनिटातच त्यावर दोनदा वीज पडली आणि यानातली बरीच विद्युत यंत्रणा बंद पडली. नियंत्रण कक्षातल्या जॉन आरनला एका अपरिचित खटक्याची आठवण झाली, त्यामुळे मोहीम वाचली. त्या दिवशी तिथे नैसर्गिक विजा पडत नव्हत्या. यान आणि त्याच्यामागची तप्त ज्वाला मिळून एक लांबलचक वाहक तयार झाला, आणि त्यानेच वीज सुरू केली. मार्च १९८७ मध्ये अ‍ॅटलस-सेंटॉर रॉकेटवर वीज पडून त्याच्या संगणकाच्या स्मृतीत गोंधळ झाला, रॉकेट एकदम वळले आणि उपग्रहासह तुटले. त्याच वर्षी जूनमध्ये वॉलप्स बेटावर वादळाच्या अभ्यासासाठी लहान रॉकेटे तयार ठेवली होती. जवळ वीज पडली आणि त्यांतली तीन कुणी बटण न दाबताच उडाली. हा शेवटचा प्रसंग हौशी रॉकेटबाजाने पाठ करून ठेवावा असा आहे.

हौशी रॉकेटांचा छंद ज्या रूपात आज जगभर आहे, तो जन्मला सुरक्षिततेच्या काळजीतून. १९५० च्या दशकात अमेरिकी मुले लोखंडी नळ्यांत घरगुती मिश्रणे ठासून बोटे आणि डोळे गमावत होती. व्हाइट सँड्स इथल्या क्षेपणास्त्र केंद्रात काम केलेल्या हॅरी स्टाइनने त्यावर १९५७ मध्ये लेख लिहिला. तो वाचून नेब्रास्कातल्या ऑर्व्हिल कार्लाइल या चपलांच्या दुकानदाराने त्याला आपली कागदी, कारखान्यात भरलेल्या मोटरवर उडणारी रॉकेटे पाठवली. पुढे व्हर्न एस्टेसने मोटरा यंत्राने बनवायला घेतल्या. त्या छंदाची आचारसंहिता कागद, लाकूड, प्लॅस्टिक अशा हलक्या वस्तूंचाच आग्रह धरते, मोटर विजेच्या तारेनेच दुरून पेटवायला सांगते, आणि ढगांत रॉकेट सोडायला स्पष्ट मनाई करते.

आता हाच छंद आणि तार एकत्र आणून पाहू. ०.२ मिलिमीटर जाडीची ३०० मीटर तांब्याची तार सुमारे ८५ ग्रॅम भरते. छंदातली नेहमीची 'सी' वर्गाची मोटर जास्तीत जास्त १० न्यूटन-सेकंद आवेग देते. तारेसह एकूण वजन २०० ग्रॅम धरले तर हवेचा रोध शून्य मानूनही वेग सेकंदाला ५० मीटरच्या वर जात नाही. एवढ्या वेगाने कोरोनाचे कवच सहसा फुटणार नाही. मोठी मोटर लावली तर वेग मिळेल, पण मग खरा प्रश्न पुढे येतो: बटण दाबणारा कुठे आहे? लहान मोटरांसाठी छंदाच्या संहितेत माणसाने निदान पंधरा फूट, म्हणजे साधारण पाच मीटर, दूर राहायचे असते. आणि त्याच्या हातातला खटका तारेनेच त्या रॉकेटशी जोडलेला असतो. म्हणजे वीज जिथे उतरणार तिथून निघालेली तार त्याच्या मुठीत आहे. रिखमानच्या खोलीतही तार अशीच माणसापर्यंत आलेली होती.

तार नसती तरी जमीन सुटू देत नाही. ओलसर मातीची रोधकता १०० ओहम-मीटर धरून दहा हजार अँपिअर मातीत पसरले, तर पाच मीटरवर उभ्या माणसाच्या मीटरभर अंतरावरच्या दोन पावलांत पाच हजार व्होल्टहून जास्त फरक येतो. विजेने एकाच वेळी अनेक गुरे मरतात त्यामागे बहुधा हेच असते. त्यांचे पुढचे आणि मागचे पाय एकमेकांपासून लांब असतात आणि हृदय मध्ये. लँगम्युर प्रयोगशाळेत म्हणूनच माणसे जमिनीखालच्या बंद धातूच्या खोलीत बसत, आणि अशा केंद्रांत रॉकेटाकडे जाणारी आज्ञा प्रकाशतंतूतून किंवा दाबलेल्या हवेच्या नळीतून पाठवली जाते, म्हणजे माणसापर्यंत धातूचा एकही धागा येत नाही. हौशी माणसाला रॉकेट परवडेल, ही व्यवस्था परवडणार नाही. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: तार बांधलेले रॉकेट हौशी माणसाने ढगाखाली सोडू नये, कितीही अंतरावरून आणि कितीही तयारी असली तरी. आपल्याकडे कायदाही आड येतो. स्फोटके आणि घन इंधन परवान्याशिवाय बनवणे किंवा बाळगणे हा १८८४ च्या स्फोटक कायद्याखाली गुन्हा आहे.

विजेतून वीज मिळवण्याचे स्वप्न अनेक मुलांना पडते, त्याचा हिशेब थोडक्यात. एका विजेत साधारण एक अब्ज ज्यूल ऊर्जा असते, म्हणजे सुमारे २८० युनिट. त्यातली बहुतेक हवा तापवण्यात, उजेडात आणि कडकडाटात जाते. जमिनीपर्यंत येतो तो अगदी लहान हिस्सा.

मग हौशी माणसाला या विषयात करण्यासारखे काय? भरपूर, आणि घरात बसून. सेंट पीटर्सबर्गमध्येच १८९५ मध्ये अलेक्झांडर पोपोव्हने धातूच्या कणांनी भरलेली नळी आणि घंटा वापरून दूरच्या विजा नोंदवणारे यंत्र दाखवले, रेडिओच्या इतिहासातले ते एक महत्त्वाचे पाऊल ठरले. आजही मध्यम लहरींचा साधा रेडिओ दोन केंद्रांच्या मधल्या मोकळ्या जागी लावला तर वळवाच्या दिवसांत दूरच्या विजेची करकर ऐकू येते. कानावर गडगडाट येण्याच्या कितीतरी आधी ती येते. ब्लिट्झोर्टुंग या जर्मनीत सुरू झालेल्या जाळ्यात जगभरचे स्वयंसेवक घरी छोटे ग्राहक यंत्र लावतात. एकाच विजेचा रेडिओ-धक्का वेगवेगळ्या घरांत पोचायला लागलेल्या वेळेतला फरक मायक्रोसेकंदांत मोजून वीज कुठे पडली ते काढले जाते. पुण्याच्या पाषाणमधल्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेने याच तत्त्वावर देशभर संवेदकांचे जाळे उभारले आहे, आणि 'दामिनी' हे मोबाइल अ‍ॅप त्यावरूनच परिसरातल्या विजेचा इशारा देते. देशात दरवर्षी अडीच हजारांहून अधिक माणसे विजेने मरतात, त्यांतली बरीचशी शेतात किंवा झाडाखाली. विदर्भ-मराठवाड्यातल्या ज्या शाळेत मुले रॉकेटचा प्रश्न विचारतात, तिथल्या मुलांना हे अ‍ॅप कशावर चालते ते शिकवता येईल. लखलखाट आणि गडगडाट यांतले सेकंद मोजून तीनने भागले की किलोमीटर कळतात. घराच्या आतून वहीत लिहिलेली अशी नोंद जाळ्याच्या नोंदीशी ताडून पाहणे हा खरा प्रयोग आहे. रॉकेटची हौस तर निरभ्र दिवशी, पाणी आणि दाबलेल्या हवेवर उडणाऱ्या बाटलीनेही भागते.

कॅमेऱ्याची वाट मला सर्वांत आशेची वाटते. जुलै १९८९ मध्ये जॉन विंकलर आणि मिनेसोटा विद्यापीठातले त्याचे सहकारी पुढच्या एका रॉकेट उड्डाणासाठी अंधारात चालणारा कॅमेरा तपासत होते. त्यात दूरच्या वादळाच्या माथ्यावर, ढगांच्याही कितीतरी वर, क्षणभर चमकलेले उजेडाचे खांब टिपले गेले. वैमानिक असे काही पाहिल्याचे आधीपासून सांगत, पण पुरावा नव्हता. आज त्यांना 'स्प्राइट' म्हणतात, आणि त्यांची असंख्य उत्तम छायाचित्रे हौशी माणसांनी शेकडो किलोमीटर दूर उभे राहून घेतलेली आहेत. त्यासाठी क्षितिजावर वादळ आणि माथ्यावर स्वच्छ आकाश हवे, म्हणजे छायाचित्रकार आपोआपच वादळाबाहेर असतो.

दरम्यान रॉकेटला पर्यायही पुढे येत आहेत. स्वित्झर्लंडमधल्या झेंटिस पर्वतावरच्या १२४ मीटर उंच मनोऱ्याशेजारून २०२१ च्या उन्हाळ्यात सेकंदाला हजार स्पंदने देणारा लेसर आकाशात सोडला, आणि मनोऱ्यावरून वर निघालेली वीज पन्नासेक मीटर त्याच्या वाटेने गेली. जपानमध्ये डिसेंबर २०२४ मध्ये धातूच्या जाळीने झाकलेला ड्रोन तार घेऊन सुमारे ३०० मीटरवर गेला आणि वीज त्याच्यावर उतरली. तो उडतच राहिला. ड्रोन रॉकेटसारखा वेगाने चढत नाही, म्हणून तिथे तार आणि जमीन यांच्यामध्ये एक खटका ठेवला होता. ड्रोन जागेवर पोचल्यावर तो खटका जोडला, आणि त्यामुळे तारेभोवतीचे क्षेत्र एकदम वाढले. १९६१ मध्ये प्रयोगशाळेत तार झटकन आत घालून जे साधले, तेच इथे खटक्याने साधले.

ढगाच्या आत वीज मुळात कशी पेटते, हा प्रश्न मात्र यांतल्या एकाही उपायाने सुटलेला नाही. ढगात मोजलेली क्षेत्रे हवा फुटायला लागणाऱ्या क्षेत्रापेक्षा बरीच कमी भरतात, तरी वीज पडते. गारांच्या आणि बर्फकणांच्या टोकांपासून सुरुवात होते की अवकाशातून येणाऱ्या कणांपासून, यावर अजून एकमत नाही. रॉकेट, लेसर आणि ड्रोन या सुरुवातीला वळसा घालून जातात, कारण ते सुरुवात स्वतःच करून देतात. ती टिपायची तर ढगातला पहिला रेडिओ-धक्का अनेक ठिकाणांहून एकाच वेळी ऐकावा लागतो, आणि त्यासाठी ग्राहक यंत्रे जितक्या जास्त छपरांवर असतील तितके चांगले.